दुकान मांडले, पण कोणत्या पेठेत?

(जिल्हा बैठकीतील भाषणाचे शब्दांकन)



सकाळपासून तुम्ही भावावर, कर्जावर, विजेवर ऐकता आहात. मला सांगितले गेले की जेवणाआधी अर्धा तास इंटरनेटवर बोल. भुकेल्या माणसापुढे इंटरनेट म्हणजे उपाशी बैलाला पोथी वाचून दाखवण्यासारखे आहे, हे मला कळते. पण विषय आपल्या ज्वारीचा आणि कापसाचाच आहे. आणि आमच्या तालुक्यातल्या सभासदांचे पैसे त्यात गेले आहेत, म्हणून बोलतो.

आमच्याकडे शेतकऱ्यांनी मिळून एक कंपनी काढली. ज्वारीचे पीठ विकायचे आणि रासायनिक खत-औषध न वापरता काढलेल्या कापसाची रुई विकायची. ठरले की वेबसाइट काढू. शहरातला एक मुलगा आला. तो म्हणाला, "काका, वेबसाइट झाली की तुमचे दुकान साऱ्या जगात उघडे. अमेरिकेतला, जर्मनीतला, चीनमधला माणूस बटन दाबेल आणि तुमचा माल त्याच्या डोळ्यांपुढे." पैसे मोजले. वेबसाइट तयार झाली. त्याने सर्वांसमोर गुगलवर कंपनीचे नाव टाकले. पहिली ओळ आमची! टाळ्या वाजल्या, पेढे वाटले गेले.

वर्ष गेले. परदेशातून एकही पत्र नाही. आली ती चार पत्रे, आणि चारही "तुमची वेबसाइट वर आणून देतो, इतके पैसे पाठवा" म्हणणाऱ्यांची.

आमच्या गावचा एक मुलगा जर्मनीत नोकरीला आहे. त्याला मी फोन केला. म्हटले, तिथे बसून आपली कंपनी शोध. पण नाव टाकू नकोस. तिथल्या गिऱ्हाइकाला आपले नाव कुठले माहीत? तो जसा शोधेल तसा शोध. मुलगा अर्ध्या तासाने म्हणाला, "काका, मी पाच पाने उलटली. आपण नाहीच आहोत."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आपल्याच गावात आपल्याच नावाने हाक मारली तर कोणीही ओ देतो. तालुक्याच्या गावी बसून कंपनीचे नाव टाकले आणि पहिली ओळ आली, यात नवल ते काय?

हे सर्च इंजिन, म्हणजे शोधयंत्र, चालते कसे ते आधी बघू. त्याचा एक नोकर रात्रंदिवस जगातल्या वेबसाइटी वाचत फिरतो आणि वहीत नोंदी करतो. कोणत्या पानावर कोणता शब्द, कोणती भाषा, कोणत्या देशाचे पान. तुम्ही काही शोधता तेव्हा यंत्र जग धुंडाळत नाही, ती वही उलटते. आणि उलटताना दोन गोष्टी पाहते. विचारणारा कुठे बसला आहे, आणि कोणत्या भाषेत विचारतो आहे. नागपुरात बसून "कॉटन प्राइस" टाका, तुमच्यापुढे आपल्या बाजार समित्यांचे भाव येतील, क्विंटलमध्ये. तेच दोन शब्द अमेरिकेत टेक्सासमध्ये टाकले तर न्यूयॉर्कच्या वायदेबाजाराचा भाव येईल, पौंडाला सेंटमध्ये. प्रश्न एकच, पण उत्तरे वेगळी.

पूर्वी गुगलचे प्रत्येक देशाचे वेगळे दार होते. भारताचे वेगळे, जर्मनीचे वेगळे. जर्मनीचे दार ठोठावले की जर्मनीची उत्तरे मिळत. ऑक्टोबर २०१७ मध्ये गुगलने ते बदलले. दार कोणतेही ठोठावा, तुम्ही ज्या देशात उभे आहात त्या देशाची उत्तरे. आणि २०२५ साली ती वेगवेगळी दारेच एका दाराकडे वळवत असल्याचे जाहीर केले. वरून पाहणाऱ्याला वाटते, वा, सारे जग एक झाले! खरे म्हणजे भिंती आतल्या बाजूला गेल्या. पूर्वी पाटी वाचून कळत होते की आपण कोणत्या पेठेत आहोत. आता पाटी एकच, आणि यंत्र हळूच तुमच्या खांद्यावर हात ठेवून तुम्हाला तुमच्या पेठेत नेऊन सोडते.

मग आपले दुकान कोणत्या पेठेत मांडले गेले? आमच्या वेबसाइटच्या नावाचे शेपूट "डॉट इन". २००५ सालापासून ते शेपूट भारतात कोणालाही घेता येते, स्वस्तही आहे. पण यंत्र त्याचा अर्थ असा घेते की ही पाने भारतातल्या लोकांसाठी आहेत. जर्मनीचे शेपूट "डॉट डीई", फ्रान्सचे "डॉट एफआर". म्हणजे आम्ही पाटीवरच लिहून ठेवले होते की परदेशी गिऱ्हाइकाने येऊ नये! पत्ता भारताचा, फोन भारताचा, भाव रुपयांत. यंत्राची काय चूक? आपण जे सांगितले ते त्याने ऐकले.

आता शब्दांकडे येतो. इथे खरी गंमत आहे आणि खरे नुकसानही इथेच आहे.

आपण वेबसाइटवर लिहिले होते "जोवार". इंग्रजीत लिहिले म्हणजे जगाला कळले, अशी आपली समजूत. अहो, जोवार हा शब्द आपल्या देशाबाहेर किती जणांना माहीत? इंग्रजी पुस्तकात तिला सोर्गम म्हणतात. अमेरिकेतला धान्याचा व्यापारी तिला "मायलो" म्हणतो. स्पेनमध्ये ती सोर्गो. जर्मनीत सोर्गुमहिर्से, आणि पुष्कळदा नुसते हिर्से, म्हणजे भरडधान्य. चीनमध्ये गाओल्यांग, तिथे तिची दारू गाळतात आणि ती जगभर प्रसिद्ध आहे. पूर्व आफ्रिकेत म्तामा. सुदानमध्ये धुरा. आणि आता ऐका. सुदानच्या शेजारी इजिप्त, भाषा तीच, अरबी. पण इजिप्तमध्ये धुरा म्हटले की लोक मका समजतात! एकच भाषा, शेजारचा देश, आणि पोत्यात दुसरेच धान्य. म्हणून नुसते भाषांतर पुरत नाही, देश पाहावा लागतो.

इंग्रजीतही तेच. कॉर्नफ्लॉर म्हटले की आपल्याकडे आणि इंग्लंडात पांढरी बारीक पूड समोर येते, सार घट्ट करायला वापरतात ती. अमेरिकेत तिला कॉर्नस्टार्च म्हणतात, आणि कॉर्नफ्लॉर म्हणजे तिथे सरळ मक्याचे पीठ. ज्याने एकच इंग्रजी पान लिहून दोन्ही देशांत विकायला ठेवले, त्याचा निम्मा माल परत येणार.

कापसाचे सांगतो. आपण लिहिले "ऑरगॅनिक कॉटन". जर्मन माणूस ऑरगॅनिक म्हणत नाही, तो "बिओ" म्हणतो. कापसाला "बाउमवोले" म्हणतो, म्हणजे झाडाची लोकर. त्याने "बिओ बाउमवोले" शोधले तर आपले पान यंत्र त्याला कशाला दाखवील? आपल्या पानावर ते शब्दच नाहीत.

मग आमच्या संचालकांपैकी एकाने शक्कल लढवली. म्हणाला, मशीनकडून भाषांतर करून घेऊ, फुकट होते. घेतले. जर्मनीतल्या मुलाला दाखवले तर तो फोनवर हसतच सुटला. इंग्रजीत रुईला "लिंट" म्हणतात. पण लिंटचा दुसरा अर्थ कपड्याला चिकटलेला धुरळा, बोंदरे. मशीनने तोच अर्थ उचलला आणि जर्मनमध्ये "फुसेल" असा शब्द टाकला. म्हणजे आमची कंपनी जर्मनांना सांगत होती की आमच्याकडे उत्तम प्रतीचा, हाताने वेचलेला कपड्यांवरचा कचरा मिळेल! आमच्या बाया भर उन्हात पाठ वाकवून वेचणी करतात, आणि त्यांच्या मालाचे नाव हे.

मशीनच्या भाषांतराला माझा विरोध नाही. ते दिवसेंदिवस सुधारते आहे. पण ज्या पानावर आपल्या मालाचे नाव आणि भाव आहे, ते पान त्या देशातल्या माणसाने एकदा वाचलेच पाहिजे. सातबारा न वाचता कोणी सही करतो का? (करतात, मला माहीत आहे. आणि मग कोर्टात जातात.)

आता मोठ्या कंपन्या काय करतात ते ऐका. त्या प्रत्येक देशासाठी वेगळे पान लिहितात आणि यंत्राला खूण करून ठेवतात की हे पान जर्मनांसाठी, हे इंग्लंडसाठी, हे अमेरिकेसाठी. या खुणेला "एचरेफलँग" म्हणतात. २०११ सालापासून गुगल या कामासाठी ती मानते. तिचा नियम आपल्या सोयरिकीसारखा आहे. एका पानाने दुसऱ्याकडे बोट दाखवले तर दुसऱ्यानेही पहिल्याकडे दाखवले पाहिजे. एकाच घराचा होकार असेल तर यंत्र सोयरीक मानत नाही. आणि यात चुका कोण करतो? शिकलेसवरलेलेच. इंग्लंडचे पान म्हणून "यूके" लिहितात. खुणेच्या यादीत "यूके" ही अक्षरे युक्रेनी भाषेची आहेत! इंग्लंडसाठी "जीबी" लिहावे लागते. दोन अक्षरांच्या चुकीत खूण वाया जाते. तेव्हा आपण चुकलो म्हणून फार खाली मान घालायचे कारण नाही.

दुसरी चूक याहून महाग. काही कंपन्यांनी दारावर एक द्वारपाल बसवला. आलेला माणूस कोणत्या देशाचा ते ओळखायचे आणि न विचारता त्याला त्या देशाच्या पानावर ढकलायचे. सोय चांगली दिसते. पण गुगलचा तो वही लिहिणारा नोकर बहुतेक वेळा अमेरिकेतून येतो. द्वारपालाला तो अमेरिकन वाटतो, आणि दर खेपेला त्याला अमेरिकेच्या पानावर ढकलले जाते. जर्मनीचे पान, फ्रान्सचे पान, भारताचे पान त्याने पाहिलेच नाही तर वहीत नोंद कशी होणार? लाखो रुपये खर्चून पाने लिहिली आणि आपल्याच द्वारपालाने ती झाकून ठेवली. माणसाला विचारावे, बाबा तुला कोणते पान हवे? निवड त्याची त्याला करू द्यावी. इतके साधे आहे.

हे सगळे झाले गुगलचे. आपण समजतो गुगल म्हणजे जग. तसे नाही.

रशियात यांडेक्स नावाचे शोधयंत्र आहे, १९९७ पासून, गुगलच्याही आधीचे. ते तिथे टिकले कशावर? व्याकरणावर. रशियन भाषेत आपल्यासारखीच विभक्ती. कापूस म्हणजे "ख्लोपोक", कापसाचा म्हणायचे तर "ख्लोपका". आपला कापूसही तसाच. कापूस, पण कापसाला, कापसाचा, कापसात. मधला ऊ पडला! पाऊस, पावसाचा. परक्या यंत्राला वाटते हे दोन वेगळे शब्द. "कापसाचा भाव" विचारले तर "कापूस" लिहिलेले पान त्याला सापडत नाही. यांडेक्सने सुरुवातीपासूनच रशियन शब्दांची ही रूपे ओळखली, म्हणून रशियन माणूस त्याच्याकडे गेला. शिवाय ते प्रश्नांचे दोन ढीग करते. काही प्रश्नांचे उत्तर गावागणिक बदलते, काहींचे देशभर एकच. रिक्षा हवी असेल तर गाव पाहायचे, गणिताचे सूत्र हवे असेल तर नाही. परक्या व्यापाऱ्याने मॉस्कोचा पत्ता दिला नाही तर पहिल्या ढिगात त्याचा नंबर लागणे अवघड.

कोरियाची गोष्ट मला सगळ्यांत आवडते. नेव्हर हे शोधयंत्र १९९९ साली निघाले तेव्हा इंटरनेटवर कोरियन भाषेत वाचायलाच फारसे काही नव्हते. वहीत नोंद करायला पाने नाहीत तर यंत्र दाखवणार काय? २००२ साली त्यांनी एक सोय काढली. लोकांनी प्रश्न विचारायचे आणि लोकांनीच उत्तरे लिहायची. ताप आला तर काय करू, हे यंत्र कुठे दुरुस्त होते, हा शब्द कसा लिहायचा. लोकांनी भरभरून लिहिले. जे नव्हते ते लोकांनी तयार केले. आजही तिथे नेव्हरचा वाटा मोठा आहे, आणि परदेशी कंपनीची नुसती वेबसाइट असेल तर ती मागे पडते. नेव्हरच्या अंगणात येऊन कोरियन भाषेत लिहावे लागते, तेव्हा गिऱ्हाईक विश्वास ठेवते. मराठीत शेतीवर किती लिहिलेले सापडते, ते तुम्ही एकदा आपल्या फोनवर पाहा. "शेंदरी बोंडअळी" टाका आणि "पिंक बोलवर्म" टाका. पारडे कोणीकडे झुकते ते घरी जाऊन बघा.

चीनमध्ये तर वेगळेच राज्य. गुगलने २००६ साली तिथले दुकान उघडले आणि सरकारच्या कात्रीवरून वाद होऊन २०१० साली आपला शोध हाँगकाँगकडे वळवला. तिथे बायदूचा बोलबाला. आपली वेबसाइट चीनच्या भूमीवरच्या संगणकात ठेवायची तर सरकारदरबारी नोंद करावी लागते, आणि त्यासाठी तिथली नोंदणीकृत संस्था लागते. बाहेरून चालवली तर हळू उघडते, कधी उघडतच नाही. बरे, बायदूत दिसले म्हणजे माल खपला असेही नाही. ताओबाओ नावाच्या तिथल्या मोठ्या ऑनलाइन बाजाराने २००८ साली बायदूच्या नोकराला आपल्या दारात यायचीच बंदी केली. आमच्या मालाची नोंद तुमच्या वहीत नको, गिऱ्हाइकाने सरळ आमच्याकडे यावे! एवढा मोठा बाजार असेल तर असे म्हणता येते. आपल्या पाचपन्नास पोत्यांना म्हणता येणार नाही.

आमच्या कंपनीत यावरून भांडण झाले, तेही सांगतो. एकजण म्हणाला, सगळ्या देशांच्या भाषांत पाने करू. मी विरोध केला. पंचवीस पाने अर्धवट लिहिण्यापेक्षा एक देश धरा आणि तिथले पान नीट लिहा. त्या देशाचे माप, त्या देशाचे चलन, त्यांचे शब्द. आपण रुईचा भाव खंडीत सांगतो, ३५६ किलोची खंडी. ती बाहेर कोणाला कळत नाही. आपली गाठ १७० किलोची, अमेरिकेची ४८० पौंडांची, म्हणजे साधारण २१८ किलो. नुसते "शंभर गाठी" लिहिले तर समोरचा ४८ क्विंटल जास्त समजून बसेल, आणि मग फसवलेत म्हणून ओरडेल. ज्वारीचे पोते क्विंटलचे, अमेरिकेत तीच ज्वारी बुशेलने मोजतात, ५६ पौंडांचा बुशेल. हे पान लिहिणाऱ्या मुलाला माहीत नसते, त्यात त्याचा दोष नाही. हे आपल्यालाच सांगावे लागते.

भांडणात मी जिंकलो, पण एका मतानेच. जर्मनी धरली. "डॉट इन" सोडून "डॉट कॉम" घेतले, म्हणजे पाटीवर देश राहिला नाही. जर्मन पान त्या मुलाने आणि त्याच्या शेजारच्या एका जर्मन बाईने मिळून लिहिले. पिठाच्या पानावर त्या बाईने एक शब्द सुचवला, "ग्लूटेनफ्राय". गव्हातला चिकटपणा ज्यांना सोसत नाही ते लोक तिथे हा शब्द टाकून पीठ शोधतात, आणि आपल्या ज्वारीत तो चिकटपणा नाही. भाकरी थापणाऱ्या आपल्या प्रत्येक बाईला हे माहीत आहे, म्हणून तर ती उन्हाऊन पाण्यात पीठ मळते. पण आमच्या पानावर ते कोणी लिहिलेच नव्हते. आम्ही लिहिले होते "पारंपरिक आणि पौष्टिक".

आणि एक युक्ती तुम्हाला आजच करता येईल. गुगलच्या सेटिंगमध्ये देश बदलता येतो. जर्मनी निवडा, जर्मन शब्द टाका, आणि तिथल्या माणसाला काय दिसते ते थोडेफार पाहा. तंतोतंत तेच दिसणार नाही, पण आपली कोण विचारपूस करतो आहे की नाही याचा अंदाज येतो. आमच्या पोराने तशी रोज पाहणी ठेवली आहे. पहिले चार महिने काहीच नव्हते. मग चौथ्या पानावर आलो. आता दुसऱ्या पानावर आहोत.

मागच्या महिन्यात तिथल्या एका छोट्या दुकानदाराचे पत्र आले. पाच किलो पिठाचा नमुना मागितला आहे, आणि प्रयोगशाळेचा दाखला. दाखल्याचा खर्च नमुन्याच्या किमतीच्या कितीतरी पट आहे. तो करायचा की नाही यावर सभासदांची बैठक परवा आहे. मी "करावा" म्हणणार आहे. जेवण तयार आहे असे मागून खुणावत आहेत, तेव्हा थांबतो.